सलाइनचे आठ उंदीर

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

सात महिने पत्र लिहिले नाही, त्याची आधी क्षमा मागते. माझा गुडघा बरा आहे, आईही ठीक आहे. आज जे लिहिते आहे ते तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही.

सोळांपैकी आठ उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत मी सीआरएफ, म्हणजे ताणाची साखळी सुरू करणारे मेंदूतले पेप्टाइड, सोडले आणि उरलेल्या आठांना नुसते सलाइन दिले. पेप्टाइड मिळालेले उंदीर अनोळखी पेटीत कोपरा धरून बसले, अंग चाटत राहिले, त्यांच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरकही चढले. पण सलाइनच्या आठांचेही तितकेच चढलेले निघाले, आणि तेही कोपरा सोडीनात.

तेव्हा आपले एम.एस्सी.तले भांडण आठवले. प्रयोगाआधी आठवडाभर प्रत्येक उंदीर रोज पाच मिनिटे हातात घ्यायचाच, असा तुझा हट्ट होता. मी त्याला लाड म्हणाले, म्हणून तू दोन दिवस माझ्या डब्यातली लसणीची चटणीसुद्धा नाकारलीस! या वेळी मुदत जवळ आली म्हणून मी तेच सात दिवस गाळले. अनोळखी हाताने धरलेल्या उंदराच्या रक्तात हे संप्रेरक काही मिनिटांतच वाढू लागते, हे मला ठाऊक होते. माझ्या हाताच्या भीतीने त्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने स्वतःचेच सीआरएफ सोडले असणार, त्यावर पिट्युटरी ग्रंथीने एसीटीएच हे संप्रेरक, आणि त्याने कॉर्टिकोस्टेरॉन चढले. मग मी दिलेल्या ४१ अमिनो आम्लांच्या रेणूने काय केले, हे त्या रक्तातून कसे ओळखू?

पिट्युटरी काढलेल्या उंदरांचीही वागणूक सीआरएफने बदलते, म्हणजे त्यासाठी रक्तातली ही साखळी लागत नाही, म्हणून निदान चित्रफिती तरी उपयोगी पडतील अशी आशा होती. रात्री दोन वाजेपर्यंत पाहिल्या. दोन्ही गट सारखेच थिजलेले. वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ साली मेंढ्यांच्या लाखो हायपोथॅलॅमसमधून हा रेणू शोधून दाखवला. माझ्या सोळा जिवांतून काहीच हाती आले नाही, आणि ते मला सहन होत नाही.

केवळ सलाइनचा गट पुन्हा करून भागणार नाही, कारण पेप्टाइडचे उंदीरही माझ्याच हाताला घाबरलेले होते. म्हणजे नैतिकता समितीकडे आणखी सोळा मागायचे. ते मागण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे तू स्पष्ट सांग. अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे.

नवे घर लागले का? चिन्मयला आशीर्वाद.

तुझीच,
मंगल