खिडकीतली रोपवाटिका

रीडिंग (इंग्लंड),
१४ जून

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तू गच्चीवरच्या पिटुनियांचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "तुझ्याकडे काय फुललंय?" मी उत्तर दिलं नाही. त्या सकाळी मी ऑफिसला जाण्याआधी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. तुमच्याकडे वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. इथे त्याला कोणी विचारत नाही.

आता मात्र लिहायलाच हवं. तू आणि वहिनी फेब्रुवारीअखेर मँचेस्टरला मुलाकडे सहा महिने येताय, त्याच्या घरापुढचा जमिनीचा तुकडा तुझ्या नावावर झालाय, आणि "रोपं विकत आणायची नाहीत, बी टाकूनच फुलं करायची" असं तू वहिनींसमोर जाहीर केलंस म्हणे. मग माझ्या चार वर्षांच्या चुका फुकट घे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. पिटुनिया, साल्व्हिया, डॉगफ्लॉवर ही तुझ्या लेखी हिवाळी फुलं. गणपती आटोपले की बी टाकायचं, दिवाळीनंतर कळ्या, आणि जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन बघून आलास की पुढच्या वर्षीची यादी तयार. इथे हीच झाडं उन्हाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात बी टाकतात, मेअखेर रोप बाहेर, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फुलं. झाड तेच, त्याला हवी असलेली हवाही साधारण तीच. तुझ्याकडे ती डिसेंबरात येते, माझ्याकडे जूनमध्ये. मधल्या काळात सातारचं ऊन त्याला सोसत नाही आणि रीडिंगची थंडी झेपत नाही.

पहिल्या वर्षी मी काय केलं सांगतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पाकिटावर "फेब्रुवारी ते एप्रिल" असं छापलेलं होतं, त्यातलं मी फक्त फेब्रुवारी वाचलं. पिटुनिया, लोबेलिया, बेगोनिया, साल्व्हिया, झेंडू असं सगळं एका रविवारी पेरून टाकलं. पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक, लोबेलियाचं त्याहून बारीक, आणि बेगोनियाचं बी म्हणजे निव्वळ तपकीर. मी पाकीट उघडलं आणि शिंकलो. अर्धं पीक ओट्यावर सांडलं. तेव्हापासून आपल्याकडे तिळात वाळू मिसळून पेरतात तशी मी चमचाभर कोरडी बारीक वाळू मिसळतो. हे बारीक बी मातीखाली गाडायचं नाही बरं का, त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरायचं, फळीच्या तुकड्याने हलकेच दाबायचं, बस्स. झारीने पाणी घातलंस तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. ट्रे पाण्याच्या परातीत ठेव, वरची माती ओली दिसली की उचल. वर प्लॅस्टिकची पिशवी. वीस अंशांच्या आसपासचं तापमान मिळालं तर झेंडू आठवड्याच्या आत वर येतो, पिटुनिया दहा-बारा दिवसांनी, लोबेलिया आणखी रेंगाळते.

उगवलं सगळं! स्वयंपाकघराची खिडकी हिरवी झाली. दह्याचे रिकामे डबे, अंड्यांचे पुठ्ठे, बिर्याणीचे पार्सलचे डबे, सगळ्यांत रोपं. बायको म्हणाली, "चहाचा कप ठेवायला तरी जागा ठेव." मी तुला फोटो पाठवला होता, आठवतंय? तू अंगठा दाखवला होतास. तो अंगठा पुढच्या दोन आठवड्यांत खोटा ठरला.

रोपं काचेकडे माना लांबवू लागली. पांढरट, दोऱ्यासारखे देठ, वर दोन किरकोळ पानं. मला वाटलं थंडी वाजते त्यांना, म्हणून मी रेडिएटर वाढवला, आणि ती आणखी लांबली. बाळ्या, साताऱ्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा, त्यामुळे उजेड मोजायचा असतो हे आपल्या डोक्यातच नसतं. मँचेस्टरला डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा आणि जूनमध्ये सतराचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो जेमतेम नऊ-साडेनऊ तासांवर आलेला असतो, त्यातही अर्धा वेळ ढग. खोलीत ऊब भरपूर आणि उजेड नाही, म्हणजे रोप वाढणार पण भरणार नाही.

उरलेल्यांतली बहुतेक एका रात्रीत गेली. संध्याकाळी उभी होती, सकाळी देठ जमिनीलगत चिमटीत धरून पिळल्यासारखे बारीक झालेले आणि सगळी एकाच बाजूला आडवी. तुझ्या काकांच्या वांग्याच्या गादीवाफ्यावर व्हायचं तेच, रोपं कोलमडणं. काका मोरचुदाचं पाणी द्यायचे. इथे तसलं काही सहज मिळत नाही, म्हणून मुळातच होऊ द्यायचं नाही: ट्रे साबणाच्या पाण्याने धुतलेला, माती नवी पिशवीतली, बी विरळ, कोंब दिसला की पिशवी काढून टाकायची, आणि माती सतत पचपचीत ठेवायची नाही.

यातलं बरंचसं मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ऐंशीच्या पुढचे आहेत, कुंपणापलीकडून माझी आडवी रोपं बघून हसले आणि घरात जाऊन एक पुठ्ठा घेऊन आले. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवलेली. ट्रेच्या मागे तो उभा करायचा म्हणजे खिडकीतला उजेड परतून रोपांवर पडतो आणि मान एकाच बाजूला वळत नाही. आणखी एक म्हणाले: रोज येता-जाता रोपांच्या शेंड्यावरून तळहात फिरव, वाऱ्याने हलल्यासारखं. त्याने देठ बुटका आणि जाड होतो. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. दुसऱ्या वर्षी दोन ट्रे शेजारी ठेवून बघितले, एकावर हात फिरवला, एकावर नाही. फरक उघड दिसला. बायकोचं म्हणणं, मी इतक्या मायेने तिच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही.

तर माझा सल्ला पाकिटाच्या विरुद्ध आहे. काचघर असेल त्याने फेब्रुवारीत पेरावं. ज्याच्याकडे फक्त खिडकी आहे त्याने मार्चची वीस तारीख उलटेपर्यंत हात बांधून बसावं. पिटुनिया-लोबेलिया तेव्हा, झेंडू आणि कॉसमॉस तर एप्रिलच्या मध्यावर. एप्रिलचा झेंडू फेब्रुवारीच्या झेंडूला जूनमध्ये गाठतो आणि पुढेही जातो, मी बघितलंय. तुला हे पटणार नाही. तू आल्या आल्या पेरणार. निदान अर्धं पाकीट राखून ठेव.

बेगोनियाचा नाद मात्र तू सोड. तिला फार आधीपासून ऊब आणि दिवे लागतात. तिची रोपं मी सरळ विकत आणतो, प्रतिज्ञा गेली खड्ड्यात.

रोपांना खरी पानं आली, म्हणजे पहिली जोडी सोडून दुसरी, की ती सुटी करायची. जुन्या पेन्सिलीने खालून उचकट आणि पानाला धरून उचल, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की संपलं. लोबेलिया एकेक करायला जाऊ नकोस, डोळे फुटतील. पाच-सहा रोपांचा पुंजका एकत्र लाव.

मग हार्डनिंग. हा शब्द तुला माझ्याहून चांगला माहीत, टिश्यूकल्चरच्या केळीची रोपं तू शेडनेटखाली ठेवून मगच शेतात नेतोस. इथेही तेच, फक्त उन्हाऐवजी थंडीची सवय. आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत. सगळे ट्रे दोनदा उचलायचे. माझी कंबर त्या आठवड्यात बोलते. पहिल्या वर्षी मी हा आठवडा गाळला. एप्रिलअखेर तीन दिवस असं ऊन पडलं की लोक अर्ध्या चड्डीत फिरू लागले, आणि मी होती नव्हती ती रोपं जमिनीत लावून टाकली. मेच्या पहिल्या आठवड्यात एका स्वच्छ, चांदण्या रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी साल्व्हिया उकडलेल्या पालकासारखी. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो. इकडचे जुने माळी चेल्सीचं फ्लॉवर शो होऊन जाईपर्यंत बाहेर लावत नाहीत. ते मेच्या उत्तरार्धात असतं, १९१३ पासून लंडनला भरतं. तू तर उत्तरेला, तू मे संपू दे. ढगाळ रात्रीला घाबरू नकोस, चांदण्या दिसल्या की घाबर.

एवढा उपद्व्याप या लोकांनी मुळात का लावून घेतला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग वाचलं. १८४५ साली इथला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, काचघरं वाढली. श्रीमंतांच्या आणि पुढे नगरपालिकांच्या बागांतून हजारो रोपं आत वाढवून उन्हाळ्यात गालिच्यासारखी बाहेर मांडायची टूम निघाली. हिवाळ्याआधी सगळं उपटून फेकायचं. आणि झाडं कुठली? पिटुनिया दक्षिण अमेरिकेची, साल्व्हिया ब्राझीलची, लोबेलिया दक्षिण आफ्रिकेची. इंग्रजी बाग इंग्रजी बाग म्हणतात, तिच्यात इंग्रज एक नाही! झेंडूचे तर दोन प्रकार मिळतात, एक "फ्रेंच" आणि एक "आफ्रिकन", आणि दोघांचं माहेर मेक्सिको. आपण तरी काय, दसऱ्याला दारावर बांधतो तो तोच. फक्त आपण तोरणातला वाळका झेंडू कुंडीत चुरडून मोकळे होतो आणि मी इथे मोजून दिलेल्या बियांचे पैसे भरतो.

एक मात्र घरचं सापडलं. इथे सावलीच्या जागी लावतात ते "बिझी लिझी" म्हणजे तेरडा! पूर्व आफ्रिकेतला, पण कुळ तेच, कासच्या पठारावर भाद्रपदात गुलाबी होतो त्या तेरड्याचं. शेंग पिकली की बोट लावताच फुटते, अगदी तशीच. मी परसात एकटाच शेंगा फोडत बसलो होतो. २०११ साली या देशात त्याच्यावर केवडा या बुरशीरोगाची मोठी साथ आली, पानं गळून नुसते दांडे उरायचे, आणि बऱ्याच ठिकाणी लोकांनी तो लावणंच सोडलं. आता रोगाला दाद न देणाऱ्या जाती निघाल्यात. आपल्या तेरड्याचा रंग तीन दिवस; याचा चार महिने टिकतो, सांग गौरींना.

शेवटचा शत्रू गोगलगाय, तीही बिनशंखाची. झेंडू तिचा जीव की प्राण. एका रात्रीत डझनभर रोपांचे नुसते खुंट ठेवते. औषधं टाकण्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन वेचणं बरं. पण जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे शिकारीला निघायचं तेव्हा माझी झोपेची वेळ. काल सव्वाअकराला अंगणात वाकून फिरत होतो, समोरच्या घरातला दिवा लागला, पडदा हलला. मी टॉर्च वर करून हात हलवला. आता तिथे माझ्याबद्दल काय मत झालंय देव जाणे.

आज पहिली पिटुनिया उमलली, जांभळी. फोटो वेगळा पाठवतो.

बॅगेत तुझ्या बिया कोंबू नकोस. बाहेरून बियाणं आणायला बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळावर तुझ्या सातारी युक्तिवादाचा उपयोग होणार नाही. कंदी पेढेही चालत नाहीत, दुधाचे पदार्थ काढून घेतात. वहिनींच्या हातचा काळा मसाला मात्र किलोभर आण.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझाच,
पिंट्या

ता. क. फॉइलचा पुठ्ठा तुझ्यासाठी एक जादा करून ठेवलाय.