‘शुद्ध कार्बन’ म्हणून विकलेल्या शाईचा रंग उडाल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ब्लॅक अँड व्हाइट फोटो छपाईच्या करड्या शायांबाबत

महोदय,

नौपाडा, ठाणे येथे मी एकटीच फोटो छपाईचे काम करते. लोक आजी-आजोबांचे डाग पडलेले, कोपरे फाटलेले फोटो घेऊन येतात. मी ते स्कॅन करून, दुरुस्त करून कॉटन कागदावर छापून देते. या प्रिंट पुढच्या पिढीपर्यंत टिकाव्यात, म्हणूनच लोक मला पैसे देतात.

रंगीत शायांच्या मिश्रणातून आलेला करडा रंग उन्हात एक दिसतो, ट्यूबलाइटखाली दुसरा. ते टाळण्यासाठी मी तुमचा काळ्या आणि करड्या शायांचा संच घेतला. बाटलीवर स्पष्ट छापले आहे: ‘१०० टक्के कार्बन पिगमेंट, डाय नाही’. म्हणजे रंग देणारे फक्त कार्बनचे न विरघळणारे बारीक कण (पिगमेंट), विरघळणारा रंग (डाय) अजिबात नाही. हे विधान खरे नाही.

पावसाळ्यानंतर कळव्याच्या एका काकूंनी फ्रेम परत आणली. त्यांच्या सासऱ्यांच्या फोटोत काळा कोट जसाच्या तसा होता, पण कपाळ आणि पांढरा सदरा गुलाबी पडला होता. म्हणजे गडद शाई टिकली, फिकट शाया बदलल्या. मग मी क्वाडटोनरिप या करड्या शायांनी छापण्याच्या सॉफ्टवेअरच्या कॅलिब्रेशन मोडमध्ये प्रत्येक शाईची वेगळी पट्टी छापली, अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाकली आणि उन्हाच्या खिडकीत ठेवली. उघड्या भागात सर्वांत फिकट दोन शाया गुलाबी झाल्या; झाकलेला भाग बदलला नाही. त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर प्रिंटरच्या मूळ पिगमेंट शाईने छापलेली पट्टी शेजारीच होती, तिच्यात फरक दिसत नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ठाण्याच्या दमट हवेला दोष दिला, नंतर कागदाला. दमटपणा पुठ्ठ्याखालच्या भागालाही होताच, आणि कागद दोन्हीकडे एकच. फरक फक्त उजेडाचा होता.

खरे तर हे आधीच लक्षात यायला हवे, तेही तुमच्या प्रयोगशाळेत. निव्वळ कार्बन पातळ केला की त्याची छटा तपकिरीकडे झुकते. तुमच्या शाया बाटलीतूनच अगदी तटस्थ करड्या उतरतात, म्हणजे त्यात निळसर काहीतरी मिसळलेले आहे. मिसळण्याला माझी हरकत नाही. टिकाऊ निळे पिगमेंट घालून तसे सांगणारे उत्पादक आहेत. पण डाय द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, त्याच्या कणाकणाला उजेड आणि ओझोन थेट भिडतात. पिगमेंटच्या कणात बाहेरचा थर आतल्याला झाकतो. निळा भाग उडाला की मागे उरते ती लालसर झाक, आणि माझ्या पट्ट्यांवर तेच झाले आहे.

नोझल चेक (शाईची छिद्रे तपासणे), शाई हलवून घेणे, एकवीस पायऱ्यांच्या पट्टीवरून कर्व्ह (कोणत्या छटेला कोणती शाई किती, याचा आराखडा) जुळवणे हे सगळे तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे केले आहे. ते पुन्हा करायला सांगून वेळ घालवू नये. कर्व्हने छटांचा उतार सुधारतो, शाईतला घटक बदलत नाही.

माझी मागणी अशी: प्रत्येक बाटलीत रंग देणारे काय आहे ते लेखी कळवा. संचाची पूर्ण किंमत परत करा. या शाईने दिलेल्या प्रिंट मला पुन्हा छापून द्याव्या लागतील, त्याच्या कागदाचा व शाईचा खर्च द्या. आणि ज्या ग्राहकांनी हाच संच घेतला आहे त्यांना कळवा. त्यांनीही कुणाच्या तरी घरची माणसे छापली असतील.

ही खरेदी मी माझ्या उदरनिर्वाहासाठी केली आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू होतो आणि मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पट्ट्यांचे फोटो, बिल आणि बॅच क्रमांक सोबत जोडले आहेत. न उघडलेली एक बाटली तपासणीसाठी बाजूला ठेवली आहे. तुमचा तंत्रज्ञ माझ्यासमोर तिचा नमुना घेऊ शकतो.

कळावे,
आपली ग्राहक
नौपाडा, ठाणे