उरीयाचं चित्र

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं बोलणं अर्धंच राहिलं. नेमका गॅसवाला आला आणि तुझ्या बाबांनी हाका मारून घर डोक्यावर घेतलं. म्हणून आज लिहायलाच बसले. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि तीन दिवस एक टॉवेल वाळत नाही.

तुमच्या बायबल स्टडीतला तो माणूस म्हणाला ना, "ट्रम्प म्हणजे आजचा दावीद राजा. दाविदानंही पाप केलं, तरी देवानं त्यालाच वापरलं." तुला उत्तर सुचलं नाही म्हणालास. मला तरी लगेच कुठं सुचलं? रात्री भाकरी थापताना सुचलं.

चर्चच्या शब्बाथशाळेतला माझा चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा फळा आठवतो का? कापसाची मेंढरं, गोफण घेतलेला दावीद, आडदांड गल्याथ. गल्याथ पडला की पुढच्या रविवारी मी थेट शलमोनाच्या मंदिरावर जायचे. बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाचा अकरावा अध्याय गाळायचेच. पोरांना बथशेबा काय सांगायची? तू मात्र घरी तो वाचलास आणि जेवताना विचारलंस, "मम्मी, उरीयाचं चित्र कुठाय?" मी म्हटलं, गप जेव.

चित्र नव्हतंच. विकत आणलेल्या त्या संचात उरीया कुणी घातलाच नव्हता.

आता तो अध्याय पुन्हा काढ. राजांनी लढाईवर जायचे दिवस, आणि दावीद यरुशलेमात. आपल्याच शिपायाची, उरीयाची, बायको बथशेबा त्यानं आणवली, तिला दिवस गेले, मग झाकाझाक करायला उरीयाला रणातून बोलावलं. तो गडी घरी जाईना. सोबती उघड्यावर असताना मी घरात कसा झोपू म्हणून राजवाड्याच्या दारातच पडून राहिला. मग दाविदानं सेनापती यवाबाला पत्र लिहिलं, याला तुंबळ लढाईत पुढं ठेवा आणि मागं सरा. आणि ते पत्र पाठवलं उरीयाच्याच हाती. इथं आलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तुझा मित्र "पाप केलं" आणि "देवानं वापरलं" ही दोन टोकं जोडतो आणि मधला नाथान संदेष्टा गाळतो. म्हणजे मी करायचे तेच! नाथान दरबारात गेला, गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, राजा भडकल्यावर म्हणाला, तो मनुष्य तूच. दाविदानं ना वकील लावला ना नाथानाला हाकलला. मी पाप केलंय, म्हणाला. तरी लेकरू सातव्या दिवशी गेलंच, आणि घरातली तलवार पुढं दाविदाच्या पोरापर्यंत, अबशालोमापर्यंत चालली.

अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या क्लिंटनच्या लफड्याच्या वेळीही दाविदाचं नाव निघालं होतं. त्यानंही आधी महिनोन्महिने नाकारलं, पण सप्टेंबर १९९८ मध्ये धर्मगुरूंसमोर "मी पाप केलंय" एवढं तरी बोलला. ट्रम्पना जुलै २०१५ मध्ये आयोवात विचारलं होतं, देवाकडं कधी क्षमा मागितलीय का? मागितल्याचं त्यांना सांगता आलं नाही. देवाला मी त्यात आणत नाही, म्हणाले. म्हणूनच मला वाटतं, तिकडच्या बऱ्याच ट्रम्पसमर्थकांना दाविदापेक्षा इराणचा जुना राजा कोरेश सोयीचा पडला. कोरेशाचं नाव असलेला यशयाचा पंचेचाळिसावा अध्याय आणि पंचेचाळिसावे अध्यक्ष ट्रम्प असा मेळही घातला. मार्च २०१८ मध्ये इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहूंनी व्हाइट हाउसमध्ये कोरेशाचंच उदाहरण दिलं, ट्रम्पनी यरुशलेमला इस्राएलची राजधानी म्हणून मान्यता दिली म्हणून. कोरेश परका राजा. यहूद्यांना बाबेलातून परत जाऊ दिलं, मंदिर बांधू दिलं, संपलं. त्याच्याकडून पश्चात्ताप कोण मागतो?

हे अमेरिकेतलंच आहे असं समजू नकोस. इथं चौकातल्या फ्लेक्सवर साहेबांचा वाढदिवस बघ, कुणाकुणाच्या रांगेत बसवलेलं असतं. आणि मी तरी काय मोठी? महिला पतसंस्थेत संचालक होते तेव्हा अध्यक्षबाईंनी भाच्याला तारण न घेता कर्ज दिलं. मीटिंगला मी तोंड उघडलं तर शेजारणीनं मांडीला चिमटा काढला, "गप बसा वहिनी, बाई कामाच्या हायत." कामाच्या होत्याच. सातशे बायकांची खाती त्यांनी उघडली होती. मी सही केली. पुढं भाजीवाल्या एका मावशींची ठेव नऊ महिने अडकली. त्या आपल्या पायरीवर येऊन बसायच्या. चहा दिला तर घ्यायच्या नाहीत. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण येशूची वंशावळ म्हणून भराभर वाचतो. त्यात सहावं वचन नीट बघ. दाविदाला शलमोन झाला, कुणापासून? बथशेबाचं नाव नाही. 'उरीयाची बायको' असं लिहिलंय. इतक्या पिढ्या गेल्या, येशूचा जन्म सांगायचाय, तरी तो मेलेला शिपाई कुणी पुसला नाही. मित्राशी भांडू नकोस, हे एवढं वचन त्याला वाचायला दे.

या रविवारी पोरांचा वर्ग माझ्याकडं आहे. माळ्यावरून फळा काढला, कापसाची मेंढरं पिवळी पडलीत. जुन्या राखाडी कापडाचा एक शिपाई कापला, मान जरा वाकडी झालीय. आता त्याच्या हातात द्यायचं पत्र राहिलंय. एवढंसं कापायला माझी कात्री चालेना, बाबांची मिशीची कात्री लपवून घेतलीय.

तुझी,
मम्मी