डावखुऱ्या नेमबाजाची रायफल: आधी डोळा, मग हात

महोदय,

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक पटकावले, तेव्हापासून मुलांना रेंजवर घेऊन येणाऱ्या पालकांचा उत्साह वाढला आहे. ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यातल्या डावखुऱ्या मुलांच्या हाती पहिल्या दिवशी क्लबची उजवी रायफल दिली जाते आणि 'होईल सवय' असे सांगितले जाते. सवय होते, पण मान वाकडी करण्याची. पुढे लाखांच्या घरातली स्वतःची रायफल घ्यायची वेळ येते तेव्हा त्या वाकड्या मानेच्या मापानेच ती घेतली जाते. हे टाळता येते, म्हणून हे पत्र.

मूल कोणत्या हाताने लिहिते, एवढे विचारून आपल्याकडे भागत नाही. प्रसादाला डावा हात पुढे आला की मागे घ्यायला लावणारी, अक्षरे उजव्यानेच गिरवायला लावणारी घरे अजून आहेत. अशा घरातले मूल लिहिते उजव्याने, पण चेंडू फेकते डाव्याने आणि दातही घासते डाव्याने. म्हणून ते विचारा. मात्र त्याआधी डोळा तपासा. दोन्ही हात समोर ताठ धरून तळव्यांच्या मध्ये रुपयाएवढी फट ठेवायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून पाच-सहा मीटरवरचा विजेचा बटण पाहायचा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने बटण फटीतच दिसत राहतो तो प्रमुख डोळा. हे किमान पाच वेळा करा. दोनदा डावा आणि तीनदा उजवा असे आले तर घाई न करता आठवड्याने पुन्हा पाहा.

हात आणि डोळा दोन्ही डावे असतील तर डावी रायफल, यात दुमत नाही. हात डावा पण डोळा उजवा असेल आणि मूल नवीन असेल, तर माझे मत उजव्या खांद्याच्या, म्हणजे उजव्या रायफलच्या बाजूने आहे. ट्रिगरवरच्या बोटाचे काम थोडे असते आणि ते कोणत्याही हाताला शिकवता येते. प्रमुख डोळा बदलणे मात्र फार कठीण. दहा मीटर एअर रायफलच्या सामन्यात इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० नेमांना ७५ मिनिटे मिळतात आणि तेवढा वेळ प्रमुख डोळ्याला दाबून ठेवले की शेवटच्या वीस नेमांत नजर थकते. याच न्यायाने उजव्या हाताने सगळे करणाऱ्या, पण डावा डोळा प्रमुख असलेल्या मुलालाही डावीच रायफल हवी. ही मुले डावखुऱ्यांत मोजलीच जात नाहीत आणि सर्वांत जास्त नुकसान त्यांचे होते. दुसरा डोळा मिटून नेम धरायला शिकवू नका, त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. मागच्या साइटला, म्हणजे डोळ्याजवळच्या नेम धरायच्या भागाला, अर्धपारदर्शक ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यासमोर येणारी पट्टी) लावा. नियमानुसार तो ३० मिमी रुंदीचा आणि साइटच्या मध्यापासून १०० मिमीपर्यंत चालतो. उजवा खांदा आणि डावा डोळा, किंवा याच्या उलट, अशी जोडी असेल तर भिंग नसलेला प्रिझम किंवा आरसा वापरायलाही आंतरराष्ट्रीय नियम परवानगी देतात. पण जागेवरून हलू शकेल असा आणखी एक भाग त्यामुळे वाढतो. वर्षानुवर्षे एकाच खांद्याची सवय बसलेल्या नेमबाजानेच त्याचा विचार करावा.

आता रायफल. 'ग्रिप बदलली की झाली डावी' हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. ग्रिप, म्हणजे ट्रिगरच्या हाताने धरायची मूठ, डावी हवीच, कारण उजव्या ग्रिपचा तळहाताचा फुगवटा डाव्या हाताला उलट बाजूने लागतो आणि बोट ट्रिगर सरळ मागे न ओढता कडेला ढकलते. पण चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भागही एका बाजूला सरकवलेला असतो. डावखुऱ्याचा डावा गाल स्टॉकच्या (नळी बसवलेल्या सांगाड्याच्या) उजव्या बाजूला टेकतो. तिथे चीक पीसची पाठ आली तर डोळा साइटच्या मध्यावर येत नाही. मूल मग नकळत रायफलच डोक्याकडे, म्हणजे उजवीकडे कलती करते आणि नेम उजवीकडे व खाली जातात. प्रशिक्षक साइट सरकवण्यासाठी तिच्या घुंडीचे क्लिक फिरवत बसतो. कल दर नेमाला सारखा राहत नाही, त्यामुळे क्लिक फिरवून काही साधत नाही. बट प्लेटचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा, वाकही खांद्यानुसार उलटा लागतो. लाकडी, हाताच्या आकाराने कोरलेला स्टॉक उजवा असेल तर तो सोडून द्या. ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये मात्र चीक पीस आणि बट प्लेट बहुधा दोन्हीकडे सरकतात. फक्त डावी ग्रिप वेगळी घेऊन तो खऱ्या अर्थाने डावा करता येतो. कॉकिंगचा (रायफल पुढच्या नेमासाठी सज्ज करायचा) दांडा बाजू बदलतो का, हे त्या मॉडेलपुरते विचारून घ्या. डायॉप्टरची (बारीक छिद्राच्या मागच्या साइटची) नेम डावी-उजवीकडे सरकवणारी घुंडी उजव्या बाजूला असते. डावखुऱ्याचा उजवा हात रायफलखाली अडकलेला असल्याने तो तिथे सहज पोहोचत नाही. म्हणून डायॉप्टरही डावा मागवा. मागणीपत्रात ग्रिप, स्टॉक, डायॉप्टर या प्रत्येक ओळीपुढे 'लेफ्ट' लिहून घ्या.

एअर रायफलला यातले बरेचसे नंतर जुळवता येते, ५० मीटरच्या पॉइंट टू टू (.२२) बोल्ट रायफलला नाही. बोल्ट म्हणजे गोळी भरायचा खिट्टीसारखा दांडा. उजवा बोल्ट असेल तर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारताना, दर नेमाला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागतो, गाल उठतो आणि बांधलेली पोझिशन मोडते. तिथे डाव्या बोल्टची ॲक्शनच (बोल्ट बसलेला मधला भाग) घ्यावी.

रायफल आली की जुळवणीचा क्रम पाळा. आधी स्टॉकची लांबी, म्हणजे ट्रिगरवर बोटाचे पहिले पेर काटकोनात यायला हवे. मग बट प्लेटची उंची, डोके ताठ राहील इतकी. चीक पीस सर्वांत शेवटी. डायॉप्टर डोळ्यापासून साधारण पाच ते आठ सेंटिमीटर असावा. पुढे रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावायची, दहा सेकंद थांबायचे आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटची रिंग डायॉप्टरच्या मध्यावर नसेल तर मान हलवायची नाही, चीक पीस हलवायचा. एअर रायफलचे साइटसह वजन साडेपाच किलोच्या आत हवे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेवढे भरायची काहीच गरज नाही.

जॅकेटही डावेच लागते. खांद्याचा पॅड, बटणांची पट्टी आणि स्लिंग (रायफलला आधार देणारा पट्टा) अडकवायची जागा सारे उलटे असते. ग्लोव्ह उजव्या हाताचा. बूट तेच चालतात.

जुनी डावी रायफल कधी कधी स्वस्तात मिळते, कारण गिऱ्हाईक कमी. घेताना एअर रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. सिलिंडरची मुदत सहसा दहा वर्षांची असते आणि मुदतीतला सिलिंडर वापरणे ही नियमानुसार नेमबाजाची जबाबदारी आहे. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करून भाव करा.

आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक उजव्या नेमबाजासाठी लिहिलेले आहे आणि डावखुऱ्यासाठी तेच उलट धरावे असे त्यात एका ओळीत म्हटले आहे. क्लबांच्या कपाटात ही ओळ अजून पोहोचलेली नाही. शाळा, जिल्हा संघटना आणि क्रीडा संकुले यांना माझी विनंती आहे की पुढच्या खरेदीत निदान एक रायफल दोन्हीकडे फिरणाऱ्या स्टॉकची घ्यावी आणि सोबत एक लहान व एक मध्यम मापाची डावी ग्रिप मागवावी. रेंजवर डावखुऱ्याला सर्वांत डावीकडची लेन द्यावी. तिथे शेजाऱ्याशी तोंडासमोर तोंड येत नाही. त्याचे टेबल मात्र डाव्या हाताला हवे, म्हणून भिंतीकडे तेवढी जागा मोकळी ठेवावी.

— एक रायफल प्रशिक्षक, पुणे