शार्पचं टेराकोटा चर्च बघताना

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरला आहेसच, तर रशोममधलं होली ट्रिनिटी चर्च (१८४५-४६) सवडीने बघून ये. लांबून दगडी वाटतं, पण बाहेरून ते टेराकोटाचं, म्हणजे साच्यात घालून भाजलेल्या मातीचं आहे. वास्तुविशारद लँकेस्टरचा एडमंड शार्प.

शार्पने केंब्रिजच्या शिष्यवृत्तीवर युरोपभर फिरून जुनी चर्च मोजली आणि १८३५ च्या अखेरीस लँकेस्टरला कार्यालय थाटलं. लहान गावात कामं ओळखीपाळखीतून मिळायची; त्याच्या नात्यातलेच एकजण ब्लॅकबर्नचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. टेराकोटाही तसाच हाती आला. पुढे त्याचा मेहुणा झालेल्या जॉन फ्लेचरची बोल्टनजवळ कोळशाची खाण होती आणि कोळशाबरोबर फायरक्ले, म्हणजे भट्टीचा ताप सोसणारी माती निघत होती. तिच्यातून बोल्टनच्या लिव्हर ब्रिज भागातलं सेंट स्टीफन्स चर्च (१८४२-४५) उभं राहिलं. आत बाकांच्या कडासुद्धा टेराकोटाच्या!

हिशेब साधा होता. दगडावर प्रत्येक नक्षी नव्याने कोरावी लागते. इथे एका साच्यातून तोच तुकडा हवा तितका निघतो. म्हणजे नक्षी पुन्हा पुन्हा येणारी असेल तरच पैसे वाचतात. अडचण भट्टीत आहे. वाळताना आणि भाजताना अशी माती साधारण बाराव्या हिश्शाने आटते, म्हणून साचा तेवढा मोठा धरायचा. तुकडा भरीव केला तर आतबाहेर सारखा वाळत नाही, तडकतो; म्हणून तो पोकळ ठेवून आत आडव्या भिंती देतात. मातीत भाजक्या मातीचा चुरा मिसळला की आटणं कमी होतं. एवढं करूनही तुकडे थोडे वाकतातच. रशोमला दर्जांवरून (तुकड्यांमधल्या सांध्यांवरून) नजर फिरव, रेघ कुठे हलते ते दिसेल.

वाकडा तुकडा घासून बसवायचा मोह होतो. तो घातक. भाजताना वर आलेली कठीण साल गेली की पाणी आत शिरतं आणि थंडीत गोठून तुकडा फोडतं. तुकडे बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात, त्यानेही तेच. दुरुस्तीत कडक सिमेंट भरलं तर दर्जेतून बाहेर पडणारं पाणी टेराकोटातून वाट काढतं. तिथे चुनाच हवा. लिव्हर ब्रिजचा जाळीदार शिखरमनोरा पुढे उतरवावा लागला.

दगडाचं सोंग म्हणून त्या काळच्या चर्चवाल्या टीकाकारांनी नाकं मुरडली, आणि मला ती टीका रास्त वाटते. शार्पचं खरं काम मोजमापाचं. १८५१ साली त्याने इंग्लिश चर्चवास्तूचे सात कालखंड मांडले. खिडकीतल्या जाळीवरून काळ ओळखायला ते आजही उपयोगी पडतात. त्याच वर्षी कार्यालय शिष्य पॅलीकडे सोपवून तो बाहेर पडला. १८६८ साली वास्तुविशारद ह्युबर्ट ऑस्टिन तिथे भागीदार झाला आणि त्या कार्यालयाची सर्वांत देखणी चर्च त्यानंतरची. त्यातलं स्टॉकपोर्टचं सेंट जॉर्ज तुला जवळ आहे. ते अस्सल दगडाचं. रशोमनंतर लगेच बघ, म्हणजे सांध्यांमधला फरक डोळ्यांत राहील. जाताना दुर्बीण ने.

तुझे,
बाबा