जायरो बदलण्याआधी त्याचे आकडे पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय रोबोटिक्स स्पर्धांच्या बातम्या आपण आवर्जून छापता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि शाळेच्या रोबोटिक्स गटाचे कामही पाहते. रोबोट ऐनवेळी वाकडा गेला की मुले ‘जायरो’, म्हणजे रोबोट किती वळला हे कळण्यासाठी लावलेला सेन्सर, ‘बिघडला’ म्हणतात आणि मोठी माणसे लगेच नवा आणून देतात. बहुतेक वेळा सेन्सर धडधाकट असतो.

जायरो मुळात कोन मोजतच नाही. तो वळण्याचा वेग मोजतो, सेकंदाला किती अंश एवढाच. त्या वेगाची क्षणाक्षणाला बेरीज केली की कोन मिळतो. रोबोट जागचा हललेला नसताना सेन्सर शून्याऐवजी सेकंदाला ०.१ अंश दाखवत असेल, तर तेही बेरजेत साचत जाते. फर्स्ट लेगो लीग या शालेय रोबोटिक्स स्पर्धेची फेरी अडीच मिनिटांची. तेवढ्यात १५ अंशांची चूक होते. नुसता ३ अंशांचा फरक असला तरी मीटरभर सरळ गेलेला रोबोट ५ सेंटिमीटर बाजूला पोहोचतो, आणि ठोकळा तिथेच निसटतो.

ईव्ही३ या लेगोच्या रोबोट संचाचा जायरो जोडताना स्थिर नसेल, तर तो चुकीचे शून्य धरतो. एमपीयू-६०५० ही जायरोची चिप वापरणाऱ्यांनी स्थिर अवस्थेतल्या पुष्कळ नोंदींची सरासरी काढून ती प्रत्येक आकड्यातून वजा केली पाहिजे. चिप तापली की शून्य पुन्हा सरकते, हेही लक्षात घ्यावे लागते. अ‍ॅक्सेलरोमीटर (गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा सेन्सर) जोडला की सगळे सुधारते, असा एक समज आहे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या रोबोटला तो खरोखर उपयोगी पडतो, पण सपाट टेबलावर डावी-उजवीकडे वळताना गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही, मग तो सांगणार काय? तिथे रोबोटची पाठ टेबलाच्या कडेच्या भिंतीला टेकवून कोन पुन्हा शून्य करणे हाच भरवशाचा उपाय.

‘९० अंश वळा’ हा प्रोग्रॅममधला तयार ब्लॉक हे सारे झाकून टाकतो, याचे मला फार वाईट वाटते. अशा बेरजेचे गणित, म्हणजे इंटिग्रेशन, बारावीत येते खरे, पण सहावीतली मुलगीही आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत ही बेरीज करू शकते. मी ते वर्गात पाहिले आहे. चूक कुठून येते हे कळल्यावर मुले सेन्सर बदलून मागत नाहीत, वही मागतात.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती, की पहिल्या तासाला रोबोट चालवू नका. तो टेबलावर ठेवा आणि मुलांना जायरोचे आकडे लिहू द्या. परीक्षकांनी ‘स्थिर असताना तुमचा जायरो काय दाखवतो?’ हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारावा. आणि आयोजकांनी शिट्टीपूर्वी रोबोटला हात न लावता उभा ठेवायला काही सेकंद द्यावेत. सध्या घाईघाईत रोबोट ठेवला, की लगेच फेरी सुरू होते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका