ट्रेल रिज रोडवर कुठे थांबायचं

प्रिय नंदू,

जुलैचं नक्की झालं आणि काकूही येताहेत, हे वाचून फार बरं वाटलं. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कसाठी दिवस एकच असेल, तर तो पार्कमधून डोंगरमाथ्यावर चढणाऱ्या ट्रेल रिज रोडला दे. फक्त सकाळी लवकर निघा. जुलैत दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि वरच्या उघड्या माळावर लपायला जागा नसते.

एस्टेस पार्क गावाहून चढताना आधी मेनी पार्क्स कर्व्ह लागतं. खाली कुरणं, समोर शिखरं. फोटो काढा आणि पुढे चला. रेनबो कर्व्हला मात्र झाडांकडे बघ. १०,८२९ फुटांवर वाऱ्याने त्यांची पार दैना केली आहे. कित्येकांना फांद्या आहेत त्या एकाच अंगाला, वारा जिकडे जातो तिकडे. थोडं वर गेलात की झाडं संपतातच. पुढे कितीतरी मैल नुसता टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला थंड माळ.

माझी सगळ्यात आवडती जागा त्यानंतरची, फॉरेस्ट कॅनियन ओव्हरलुक. बहुतेक लोक गाडीतून उतरतात, सेल्फी काढतात आणि पळतात. तू पळू नकोस. समोरची दरी हिमनदीने कोरलेली आहे, म्हणून तिचा तळ रुंद आणि कडे उभे. पलीकडच्या डोंगराच्या खोबणींत छोटी तळी चमकतात, ती शोध. पायाशी बोटभर उंचीची फुलं असतात, खडकाला उशीसारखी चिकटलेली. पायवाट सोडू नका. इथे तुडवलेली झाडंझुडपं भरून यायला दशकं लागतात. कठड्यापाशी मार्मट (खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी) ऊन खात पसरलेला असतो, लाजत वगैरे नाही. खायला मात्र काही देऊ नका.

रस्त्याचा माथा १२,१८३ फुटांवर आहे. अल्पाइन व्हिजिटर सेंटरला गर्दी फार. स्वच्छतागृहापुरतं थांबा आणि चार मैल उतरून मिलनर पास गाठा. दिसायला साधी खिंड, पण पाण्याची वाटणी इथेच होते. एका बाजूचं पूडर नदीतून शेवटी मेक्सिकोच्या आखाताकडे, दुसऱ्या बाजूचं कोलोरॅडो नदीकडे. भूगोलाच्या तासाला झोपायचास ना, आता बघ!

काकूंना दम लागेल, म्हणून आदल्या रात्री एस्टेस पार्कलाच राहा. तेही साडेसात हजार फुटांवर आहे, म्हणजे उंचीची थोडी सवय होईल. पाणी सतत पीत राहा. डोकं दुखायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरा. परतीला त्यांच्यासाठी स्प्रेग लेक ठेव: तळ्याभोवती सपाट वाट, बसायला बाकं आणि पाण्यात डोंगर. बेअर लेकहून ड्रीम लेकची चढण सुंदर आहे, पण ती आपण दोघं पुन्हा कधीतरी करू.

उन्हाळ्यात प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागते, तेवढं पार्कच्या साइटवर आजच बघ. जाकिटं हातातल्या बॅगेत ठेवा, डिकीत नको. आणि विमान किती वाजता उतरतं ते कळव, मी न्यायला येतो.

तुझा,
अवि